बादली कोणी धरली

रसायनशास्त्र विभागाला सलग तीन वर्षं ‘सुरक्षित विभाग’ म्हणून पितळी ढाल मिळाली होती. ज्या विभागातून वर्षभरात अपघाताची एकही नोंद जात नाही, त्याला ही ढाल. अपघात होत नाही त्याला द्यायची म्हटलं असतं, तर विद्यापीठाला ती कपाटातच ठेवावी लागली असती.

ती टांगली होती दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये, डोळे धुवायच्या नळाच्या बरोबर वर. गेल्या वर्षी एका प्राध्यापकांच्या डोळ्यात काहीतरी उडालं. ते आंधळ्यासारखे धावत आले, नळावर वाकले आणि ढालीच्या कडेवर कपाळ फोडून घेतलं. दोन टाके पडले. नोंद केली असती तर ढाल गेली असती. म्हणून नोंद झाली नाही, ढाल तिथेच राहिली आणि प्राध्यापक महिनाभर केस पुढे ओढून हिंडले.

हे सगळं मावशीने पाहिलं होतं. मावशी म्हणजे लॅबची परिचर. बावीस वर्षं निळा कोट, खिशात फडकं, आणि हातात एक लाल बादली. पोरं तिला बादलीमावशी म्हणायची, तोंडावर म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ती स्वतः लोकांना जी नावं ठेवायची त्यांच्यापुढे बादली म्हणजे सन्मानच होता.

बादलीचं कारण असं, की लॅबच्या कोपऱ्यात आपत्कालीन शॉवर होता. अंगावर ॲसिड सांडलं की धावायचं, साखळी ओढायची, वरून धो धो पाणी. इमारत बांधणाऱ्यांनी शॉवर दिला, खाली मोरी द्यायला मात्र विसरले. दर सोमवारी शॉवर चालवून पाहायचा असा नियम, आणि चालवला की लॅबचं तळं. बावीस वर्षांपूर्वी मावशीने एका जुन्या छत्रीचं कापड उलटं करून त्याचं नरसाळं शिवलं, ते शॉवरच्या तोंडाला बांधलं, खाली बादली धरली आणि साखळी ओढली. दहा मोजेपर्यंत बादली काठोकाठ. साखळी एकदा ओढली की पाणी आपोआप थांबत नाही. वरचा दांडा परत ढकलावा लागतो. मावशी तो झाडूच्या दांड्याने ढकलायची. अशा तीन बादल्या. मग शॉवरला टांगलेल्या कार्डावर सही, आणि पाणी व्हरांड्यातल्या सहा कुंड्यांना. विद्यापीठात सुरक्षा म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

बाकी सुरक्षा अधिकाऱ्यांकडे. त्यांना मावशी ‘पट्टीसाहेब’ म्हणायची. कारण कुठेही काही मोडलं, तुटलं, लोंबलं, की साहेब येऊन त्यावर पिवळी-काळी पट्टी चिकटवत. जिन्याची फरशी उखडली, पट्टी. विजेचा बोर्ड उघडा पडला, पट्टी. पुढच्या वर्षी पट्टी सुटली की पट्टीवर पट्टी. साहेबांचा शर्ट नेहमी पांढरा, इस्त्रीची घडी अशी की बोट कापावं. बावीस वर्षांत त्या शर्टावर मावशीने शाईचा ठिपकासुद्धा पाहिला नव्हता. ज्या माणसाच्या कपड्यांना काम कधी शिवत नाही, त्याच्याबद्दल मावशीचं मत काय असणार?

शॉवरच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, बैठकीची खोली होती. तिथे नवं लाकडी छत बसलं, त्यात दिवे. पंधरा दिवसांत छतावर ओलीचा डाग उठला. डाग एसीच्या नळीचा होता हे प्लंबरने हात लावून सांगितलं, पण एसी कुलसचिवांनी बसवून घेतला होता आणि शॉवर मावशी चालवायची. तेव्हा दोष कोणाचा हे ठरवायला वेळ लागला नाही. पट्टीसाहेब वर आले, व्हरांड्यातल्या कपाटातला शॉवरचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला, त्याच्या मुठीवर तार गुंडाळली आणि तारेवर पट्टी.

“साहेब, मग शॉवरला पाणी कुठून येणार?” मावशीने विचारलं.

“तात्पुरतं आहे, बाई.”

“आणि तात्पुरतं कोणी भाजलं तर?”

“नकारात्मक विचार करू नका.” साहेबांनी बॅगेतून एक हिरवं स्टिकर काढलं आणि शॉवरच्या खांबावर चिकटवलं. ‘सदैव सज्ज.’

मावशीने स्टिकर वाचलं, मग साहेबांकडे पाहिलं. “हे पाण्यात टिकतं ना?” तिने विचारलं. “नाही, आता भिजायचा प्रश्नच नाही म्हणा.”

धोक्याची तक्रार करायला विद्यापीठाने पोर्टल केलं होतं. त्यात आधी स्वतःचं पद निवडावं लागे: अध्यापक, अधिकारी, विद्यार्थी. परिचर हे पद त्यात नव्हतंच. झाडणारे, पुसणारे, बाटल्या धुणारे, म्हणजे ज्यांना धोका रोज भेटतो, ते पोर्टलच्या हिशेबी जन्मालाच आले नव्हते. शेवटी पीएचडी करणाऱ्या एका मुलीने आपल्या लॉगिनवरून तक्रार टाकली. सडपातळ, चष्मेवाली, सकाळी सगळ्यांच्या आधी येणारी. मावशी तिला ‘काडी’ म्हणायची.

“काय लिहू, मावशी?”

“लिही, शॉवरचं पाणी बंद केलंय, माणूस जळेल.”

“असं नाही लिहीत. ‘आपत्कालीन शॉवरचा पाणीपुरवठा खंडित असून जीवितास धोका संभवतो.’”

“तेच की. फक्त माणूस जरा हळू जळतो यात.”

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘निवारण झाले.’ दोघी जाऊन कपाट उघडून आल्या. तार तशीच, पट्टी तशीच. काडीने पुन्हा तक्रार टाकली. तेव्हा विभागप्रमुख मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून ढालीचा इतिहास सांगितला. तिसऱ्यांदा काडीने तक्रार टाकली नाही.

मावशीने कार्डावर सही करणं थांबवलं. चोवीस सोमवार कोरे गेले. व्हरांड्यातल्या कुंड्या वाळल्या, तर त्यांच्या जागी प्लास्टिकची झाडं आली.

आणि पंचविसाव्या आठवड्यात, बुधवारी, अकराच्या सुमाराला, नायट्रिक ॲसिडची बाटली काडीच्या हातातून नाही, मोडक्या फळीवरून पडली. त्या फळीलाही पट्टी होतीच. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत. काडी ओरडली नाही. “मावशी,” एवढंच म्हणाली, लहान मुलं झोपेत म्हणतात तसं.

मावशीने तिला ओढत शॉवरखाली नेलं आणि साखळी ओढली. आपल्याला सगळं माहीत असताना ओढली. बावीस वर्षांची सवय, हात आपसूक गेला. वर नुसतं खुट्ट झालं. मग चाळीस पावलं व्हरांडा, टोकाचं वॉशबेसिन, बोटभर धार. वीस मिनिटं मावशीने तो हात धारेखाली धरला, आणि वीस मिनिटं तिच्या कानांत ते खुट्ट वाजत राहिलं. डॉक्टर नंतर म्हणाले, लगेच भरपूर पाणी मिळालं असतं तर डाग राहिला नसता. आता राहील.

हा अपघात लपण्यासारखा नव्हता. रुग्णवाहिका आली होती. म्हणून चौकशी समिती बसली. आणि पट्टीसाहेबांनी समितीसाठी एका पानाचा अहवाल लिहिला: ‘सदर विद्यार्थिनीने सुसज्ज अवस्थेतील आपत्कालीन शॉवरचा वापर न करता दूरच्या वॉशबेसिनकडे जाऊन निष्काळजीपणा केला.’ निष्काळजीपणा सिद्ध झाला तर संशोधनाची नोंदणी रद्द. चार वर्षांचं काम, कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मावशीला बोलावलं.

“या, मावशी, बसा.”

मॅडम एरवी तिला ‘अहो’ म्हणत. ‘मावशी’ म्हणाल्या की समजायचं, काम नियमाबाहेरचं आहे. टेबलावर शॉवरचं कार्ड होतं. नवं कोरं.

“जुनं जरा खराब झालं होतं. तेवढ्या चोवीस सह्या करून टाका. एकच पेन नका वापरू, हे घ्या, दोन-तीन आहेत.”

मावशीने पेनं पाहिली. निळं, काळं, आणखी एक निळं. एवढी तयारी या बाईने कधी परीक्षेची केली नव्हती.

“मॅडम, शॉवर बंद होता.”

“तो तांत्रिक भाग झाला.”

“आणि पोरीचा हात?”

“तिच्याबद्दल मला पण वाईट वाटतं हो. पण विभागाचा विचार नको करायला? तुमचे सात महिने राहिलेत. शेवट गोड व्हावा.”

“मला डायबेटिस आहे,” मावशी म्हणाली आणि उठली.

त्याच दुपारी तिची बदली गोदामात झाली. तळमजला, फुटक्या खुर्च्या, जुन्या उत्तरपत्रिका. जाताना तिने आपल्या वस्तू नेल्या: फडकं, छत्रीचं नरसाळं, लाल बादली. कोणी अडवलं नाही. बादली घेऊन जाणाऱ्या बाईकडे विद्यापीठात कोण बघतं?

घरी सून भांडी लावत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग सह्या कोणी केल्या?”

“विभागाच्या कारकुनाने. तीन पेनांनी. प्लंबर सांगत होता.”

“आणि तुम्ही समितीपुढे काय बोलणार, आई?”

“खरं ते.”

“तुमचं खरं आणि त्यांचं कार्ड. कार्डाला शिक्का असतो. तुम्हाला काय आहे?”

सून तोंडाची तिखट, पण हिशोबाची पक्की होती. खरंच, काय होतं? व्हॉल्व्हसुद्धा आज उघडला होता. प्लंबरने तेही सांगितलं होतं. साहेब स्वतः उभे राहिले, तार काढायला लावली, पट्टी उपटायला लावली. प्लंबर म्हणाला होता, ‘साहेब, सहा महिने तुंबलंय, थोडं सोडून द्यायला पाहिजे.’ साहेब म्हणाले, ‘ते बाई बघतील.’ ‘बाई तर गोदामात.’ ‘मग राहू दे, खाली बैठक चालू आहे.’

मावशीने एकदम मान वर केली. “सोडलंच नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“पाणी. सोडायला बादली धरावी लागते. तिथे आता बादली धरणारं कोण आहे?”

सुनेला काही कळलं नाही. पण सासू त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली, एवढं तिने पाहिलं.

समिती शुक्रवारी आली. तिघं होते. अध्यक्ष म्हणजे विधी विभागाच्या निवृत्त बाई, करड्या केसांच्या, फाईल छातीशी धरलेल्या. दुसरे गणिताचे, जे भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगत होते. तिसरे कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. अध्यक्षबाईंनी आल्या आल्या घड्याळ पाहिलं, आणि मावशीच्या मनातून त्या उतरल्या. पोरीची चार वर्षं यांना जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची होती. काडी खिडकीशी उभी, हाताला बँडेज, चष्म्याआडचे डोळे जमिनीवर. शॉवरला नवं कार्ड लटकत होतं.

पट्टीसाहेबांनी ते काढून अध्यक्षबाईंच्या हातात दिलं आणि ते बोलायला लागले. “दर सोमवारी चाचणी होते, मॅडम. हे बघा, एकही सोमवार सुटलेला नाही.”

“सही कोणाची?”

“माझी,” कारकून म्हणाला आणि घसा खाकरला.

अध्यक्षबाई मावशीकडे वळल्या. “तुम्ही इथल्या परिचर होतात. तुमचं काय म्हणणं?”

“माझं काही म्हणणं नाही, बाई. मला यांना एकच विचारायचंय.” मावशी कारकुनाकडे वळली. “चोवीस सोमवार तुम्ही शॉवर चालवलात. बादली कोणी धरली?”

“म्हणजे?”

“इथे मोरी नाही. पाणी कुठे गेलं?”

कारकुनाने जमिनीकडे पाहिलं. खरंच मोरी नव्हती. सात वर्षं त्या लॅबमध्ये तो सह्या घ्यायला येत होता, पण खाली बघायची वेळ पहिल्यांदाच आली.

“मीच धरली,” तो म्हणाला.

“किती वेळात भरते हो?”

“पाच... पाच-सात मिनिटांत.”

काडी खिडकीशी हसली. अगदी थोडं, पण मावशीला दिसलं.

“पाच मिनिटांत इथे होडी चालेल,” मावशी म्हणाली.

“मॅडम, हे विषयांतर आहे,” पट्टीसाहेब मध्ये पडले. “शॉवर चालतो की नाही, एवढाच प्रश्न आहे ना? मी आत्ता दाखवतो.” ते पुढे झाले. पांढरा शर्ट, कडक घडी. साखळीला हात घालून थांबले. “बाई, जरा बादली धरा.”

“माझी गोदामात बदली झालीय, साहेब,” मावशी म्हणाली. “बादली पण तिकडेच आहे.”

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणीच हललं नाही. मॅडम भिंतीवरच्या तक्त्यात काहीतरी वाचू लागल्या. थोडंसंच ओढू, असं साहेबांनी मनाशी ठरवलं असावं. थोडंसं ओढायची सोय त्या शॉवरमध्ये नव्हती.

आधी नळ्यांतून एक ढेकर आली. मग खोकला. मग जे खाली आलं त्याला पाणी म्हणायला जीभ धजावली नसती. तपकिरी, दाट, गंजाच्या पापुद्र्यांसकट, सहा महिने अंधारात कुजलेलं. ते साहेबांच्या डोक्यावर पडलं, कानामागून उतरलं, आणि त्या शर्टावर पसरलं. साहेबांनी साखळी सोडली. पाणी थांबलं नाही. त्यांनी ती पुन्हा ओढली, जोरात, मग दोन्ही हातांनी, जणू शॉवरने त्यांचा हुकूम नीट ऐकला नव्हता.

“एक, दोन, तीन,” मावशी मोजत होती. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

“थांबवा ना हे,” मॅडम म्हणाल्या.

“सात, आठ. इथे एक बादली भरायला आली असती, बाई,” मावशी अध्यक्षबाईंना म्हणाली. “दर सोमवारी तीन काढल्या की पाणी कसं आरशासारखं येतं. हे असं यायला त्याला सहा महिने कोणी हात लावता कामा नये.”

पाणी अध्यक्षबाईंच्या बुटांपर्यंत पोचलं होतं. त्या मागे सरल्या नाहीत. त्यांनी फाईल उघडली, एक थेंब कागदावर पडू दिला, आणि तपकिरी डाग कसा पसरतो ते पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्याजवळचं कार्ड पुन्हा पाहिलं. चोवीस सह्या, तीन पेनं, कोरं करकरीत.

“हे कार्ड तर एकदाही भिजलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

कारकुनाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी तक्त्याकडे.

तोवर पाणी दारापाशी गेलं होतं आणि फरशीच्या फटींतून खाली. पहिल्या मजल्यावरून कोणीतरी काहीतरी ओरडलं. लाकडी छत, दिवे, सगळं. तेव्हा मावशीने कोपऱ्यातला झाडू उचलला, साहेबांना “जरा बाजूला” म्हणाली, आणि दांड्याने एक ढोसणी दिली. पाणी बंद. साहेब तिथेच उभे होते. त्यांच्या खांद्यावरून ओघळ येत होते आणि मागे खांबावर ‘सदैव सज्ज’ अर्धवट सुटून लोंबत होतं. म्हणजे ते स्टिकर पाण्यात टिकत नव्हतंच.

निष्काळजीपणाचा ठपका निघाला. काडीची नोंदणी राहिली. तिच्या हातावरचा डाग काही समितीला काढता येण्यासारखा नव्हता. पट्टीसाहेबांचं काय झालं? त्यांना ‘जलसुरक्षा’ असा नवीन कक्ष मिळाला, वेगळी केबिन, वेगळी पट्टी, या वेळी निळी. मॅडम आजारी पडून पंधरा दिवसांनी बऱ्या झाल्या. कारकून अजूनही सह्या करतो, पण आता आधी खाली बघतो म्हणे. पोर्टलमध्ये परिचर हे पद आजही नाही. मावशीने याची अपेक्षाही केली नव्हती. या लोकांकडून सुधारणेची वाट बघणं म्हणजे त्यांचा मोठेपणा मान्य करणं, आणि तेवढा तिला वेळ नव्हता. सहा महिने उरले होते.

गोदामातली बदली रद्द झाली आणि महिनाभराने एका सोमवारी ती दुसऱ्या मजल्यावर परत आली. काडी आधीच येऊन बसली होती. बँडेज सुटलं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुलाबी, चकचकीत, जुन्या नकाशासारखी. मावशीने एकदा पाहिलं आणि मग नरसाळं बांधायला लागली.

“मी धरते बादली,” काडी म्हणाली.

“हाताला जोर पडेल.”

“उजव्याने धरते. तुम्ही मोजा.”

पहिली बादली तपकिरी, दुसरी चहासारखी, तिसरी फिकट. नियमाच्या तीन झाल्या होत्या, पण मावशीने चौथी लावली. चौथीत तळ दिसला. मग पाचवीही काढली, कारण काडी थांबायचं नाव घेत नव्हती.

“कुंड्यांना घालू?”

“प्लास्टिकच्या आहेत गं.”

“मग?”

“राहू दे इथेच. लागेल कोणाला तरी.” मावशीने नळावरची पितळी ढाल खिळ्यावरून उतरवली. चौथ्या वर्षी ढाल दुसऱ्याच विभागाला जाणार होती. ती परत मागायला कोणी आलं नव्हतं, कारण मागणाऱ्यालाही कुठेतरी नोंद करावी लागली असती. तिने ती फडक्याने पुसली आणि भरलेल्या बादलीवर ठेवून पाहिली. झाकण म्हणून अगदी बरोबर बसली.